हेअर स्टायलिंग शिकायचंय? आधी केस थंड होऊ द्यायला शिका

तासभर बसून कर्ल केले, आरशात एकदम मस्त दिसले, आणि बाहेर पडून अर्धा तास होत नाही तोवर सगळे केस सरळ होऊन खांद्यावर पडले. नवीन शिकणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाच्या बाबतीत हे होतं. माझ्याही झालंय, एकदा नाही, कितीतरी महिने. मला वाटायचं माझे केसच तसे आहेत, कर्ल धरतच नाहीत, नाहीतर मग कर्लरच भंगार असणार. दोन्ही खरं नव्हतं. मी बट कर्लरवरून सोडली रे सोडली की लगेच त्यात बोटं घालून ती मोकळी करत होते, केस अजून गरम असताना. चूक तेवढीच होती.

तर हे नीट समजून घ्या कारण पुढचं सगळं यावरच उभं आहे. केस केराटिन नावाच्या प्रोटीनचे बनलेले असतात आणि त्या प्रोटीनच्या साखळ्या एकमेकींना निरनिराळ्या बंधांनी धरून असतात. त्यातले जे हायड्रोजन बंध असतात ते पाण्याने सुटतात, उष्णतेनेही सुटतात, आणि केस वाळले किंवा थंड झाले की परत जुळतात. जुळताना केस ज्या आकारात असेल तो आकार पक्का होतो. म्हणजे गरम करताना आकार फक्त दिला जातो, तो बसतो थंड होताना. ओल्या केसांची वेणी घालून झोपलं की सकाळी केसांना लाटा येतात त्याचं कारण हेच, आणि हवा दमट असली की सरळ केलेले केस परत फुगतात त्याचंही हेच, हवेतलं पाणी ते बंध सोडवत बसतं. पर्मिंग किंवा कायमचं स्ट्रेटनिंग वेगळं, त्यात केमिकलने जास्त पक्के बंध तोडून नव्याने जोडतात म्हणून ते केस धुतले तरी जात नाही. नवशिक्याने घरी त्या वाटेला अजिबात जाऊ नये, ते शिकलेल्या माणसाचं काम आहे.

आधी केस हाताला ओळखू द्या

कोणताही व्हिडिओ बघून तसंच करायला जाण्याआधी ज्या डोक्यावर काम करताय ते केस कसे आहेत ते बघा, स्वतःचे असोत की दुसऱ्याचे. एक केस अंगठा आणि तर्जनीमध्ये धरून फिरवा. जाणवतच नसेल तर केस बारीक आहे, दोऱ्यासारखा स्पष्ट जाणवला तर जाड. हे झालं एका केसाचं. केस दाट आहेत की विरळ ही वेगळी गोष्ट, भांग न पाडताच टाळू दिसत असेल तर विरळ. या दोन गोष्टींची खूप गल्लत होते, एखादीचा एकेक केस एकदम बारीक असतो पण संख्येने इतके असतात की पोनी मुठीत मावत नाही. अशा केसांना जाड समजून कर्लर २०० डिग्रीवर लावला की संपलं.

तिसरं म्हणजे वळण. सरळ, लाटा असलेले, कुरळे, आणि एकदम घट्ट स्प्रिंगसारखे. आकडा टाकून १, २, ३, ४ असं जे म्हणतात ते वर्गीकरण आंद्रे वॉकर यांचं, ते अमेरिकेतल्या टीव्ही होस्ट ओप्रा विन्फ्रीचे हेअरस्टायलिस्ट होते. आकडा पाठ नसला तरी चालतं पण केस ओला असताना आणि वाळल्यावर कसा वागतो ते मात्र बघून ठेवा. कुरळा केस वाळला की आखडतो, ओला असताना खांद्याखाली असलेला केस वाळल्यावर हनुवटीपर्यंत येऊ शकतो, त्यामुळे लांबीचा अंदाज ओल्यावर धरायचा नाही.

आणि टोकांकडे विशेष लक्ष द्या. केस महिन्याला साधारण १ ते सव्वा सेंटिमीटर वाढतो, म्हणजे ३० सेंटिमीटर लांब केसाचं टोक दोन-अडीच वर्षं जुनं असतं. तेवढ्या दिवसांचं धुणं, विंचरणं, ऊन, ड्रायर सगळं त्याने सोसलेलं असतं, आणि केस एकदा टाळूबाहेर आला की तो जिवंत नसतो, त्यामुळे करपलेलं टोक परत बरं होत नाही, कापावंच लागतं. म्हणून मुळांना चालतं ते टोकांना चालेलच असं नाही.

सामान किती लागतं

कमी लागतं. मोठ्या दातांचा कंगवा, शेपटीवाला टेल कोंब, एक पॅडल ब्रश, पाच-सहा सेक्शन क्लिपा, काळ्या पिना, थोड्या यू पिना, कापड गुंडाळलेले रबर (धातूचा जोड असलेले नको, त्यात केस अडकून तुटतात), पाण्याचा स्प्रे आणि नोझलवाला ड्रायर. एवढ्यावर दोन-तीन महिने सहज निघतात. कर्लर, स्ट्रेटनर, गोल ब्रश हे नंतर. मला मनापासून वाटतं की गरम मशीन हातात घेण्याआधी हाताला केसांची सवय व्हायला पाहिजे, कारण मशीन धरलेला हात घाबरलेला असला की तो बट नीट पकडत नाही आणि मग एकाच जागी जास्त वेळ टेकतो.

डमी हेड, म्हणजे सरावासाठी मिळतं ते केस लावलेलं नकली डोकं, घेणार असाल तर त्याचे केस खरे आहेत की सिंथेटिक ते आधी विचारा. सिंथेटिक केसांवर वेण्या, अंबाडे, पिनिंग सगळं शिकता येतं पण बहुतेक सिंथेटिक केसांना गरम कर्लर लावला की ते वितळून मशीनला चिकटतात.

गुंता आणि भांग, इथे घाई नको

गुंता खालून सोडवायचा. टोकाची चार बोटं आधी विंचरा, मग त्याच्या वरची चार बोटं, असं करत मुळाशी जा. वरून खाली एकदम कंगवा ओढला की वरचे सगळे छोटे गुंते खाली जाऊन एकच मोठी गाठ बसते आणि मग ती तुटूनच सुटते. दुसऱ्या हाताने गुंत्याच्या वर बट घट्ट धरून ठेवा, म्हणजे टाळूला ओढ बसत नाही, समोरचा माणूस पण निवांत बसतो. ओला केस ताणला की बराच लांबतो आणि कमजोर असतो त्यामुळे ओल्यावर मोठ्या दातांचाच कंगवा. कुरळ्या केसांचं मात्र उलट, ते कोरडे विंचरायचेच नाहीत, कंडिशनर लावलेलं असताना बोटांनी नाहीतर मोठ्या कंगव्याने सोडवायचे. दिवसाला ५० ते १०० केस गळणं नॉर्मल आहे, ब्रशमध्ये थोडे केस दिसले म्हणून शिकणाऱ्याने घाबरून जायचं कारण नाही. पण छोटे छोटे तुकडे पडत असतील तर ते गळणं नाही, ते तुटणं, आणि ते तुमच्या हातामुळे होतंय.

आता सेक्शन. याचा कंटाळा सगळ्यांना येतो, मलाही यायचा. पण पार्लरमधल्या माणसाचं काम स्वच्छ का दिसतं याचं अर्धं उत्तर सेक्शनमध्ये आहे. टेल कोंबच्या शेपटीने कपाळाच्या मध्यापासून डोक्यावरून मानेपर्यंत एक सरळ रेघ काढा. मग एका कानाच्या वरून टाळूवरून दुसऱ्या कानापर्यंत दुसरी. झाले चार भाग. प्रत्येक भाग पिळून क्लिप लावून टाका. काम नेहमी मागून खालून सुरू करायचं, मानेपासून, आणि एकावेळी साधारण दोन बोटं उंचीचा आडवा थर सोडायचा, बाकीचं वर क्लिपमध्येच. शेपटी टाळूवर टेकवून ओढा, हवेत नाही, तरच रेघ सरळ येते. पहिल्या आठवड्यात दुसरं काही केलं नाही, फक्त हे चार भाग रोज पाडले, तरी चालेल. पाच मिनिटांत चार स्वच्छ भाग पडायला लागले की पुढे जा.

ब्लो ड्राय

सगळ्यात जास्त वेळ यावर द्या असं मी सांगेन, कारण ब्लो ड्राय जमलं तर अर्ध्या वेळा स्ट्रेटनरची गरजच पडत नाही.

केस धुतल्यावर टॉवेलने खसाखसा चोळू नका, दाबून दाबून पाणी टिपा. केसाच्या बाहेरून कौलांसारखे एकावर एक बसलेले खवले असतात, त्यांची तोंडं टोकाकडे असतात, चोळलं की ते विस्कटतात आणि केस राठ दिसतो. याच कारणाने ड्रायरची हवा नेहमी मुळाकडून टोकाकडे मारायची. खालून वर हवा मारली की केस उडतात, फुगतात, आणि मग फ्रिझ झाले फ्रिझ झाले म्हणून आपण सिरम ओतत बसतो.

हीट प्रोटेक्टंट (उष्णतेपासून केस वाचवायला लावतात तो स्प्रे किंवा क्रीम) लावून घ्या, कंगव्याने पसरवा. मग ब्रश न घेता, नोझल न लावता, नुसती बोटं फिरवत ७०-८० टक्के केस सुकवून घ्या. सगळे नवशिके ओलेचिंब केस असतानाच गोल ब्रश घेऊन सुरू करतात आणि हात भरून येतो, केसांना तेवढाच जास्त वेळ ताण आणि गरम हवा बसते, आणि आकार तर येतच नाही कारण आकार शेवटच्या २०-३० टक्के ओलाव्यातच बसतो. हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर माझे खांदे वाचले असते.

आता नोझल लावा. चार भाग करा, मानेकडचा पहिला थर सोडा. ब्रश बटेच्या खाली, मुळाशी. नोझल बटेच्या वर, टोकाकडे तोंड करून, ब्रशला जवळजवळ लागून पण न टेकता. आणि मग ब्रश आणि ड्रायर दोन्ही बरोबर खाली सरकवा, ब्रश पुढे आणि ड्रायर त्याच्या मागे मागे. बट ताठ राहिली पाहिजे, ताण म्हणजे ओढाताण नाही, डोकं हलणार नाही इतपतच. एका बटेवरून तीन-चार वेळा गेल्यावर ती पूर्ण कोरडी होते. कोरडी झाली की कूल बटण दाबून दहा सेकंद गार हवा द्या आणि ब्रश तसाच धरून ठेवा. हे दहा सेकंद सोडू नका. बरेच लोक कूल शॉटचं बटण कधी वापरतच नाहीत, आणि खरा आकार तिथे बसत असतो.

मुळांना उठाव पाहिजे असेल तर बट वर ओढून, म्हणजे ती जिथून उगवते त्याच्या विरुद्ध बाजूला धरून, मुळं वाळवा आणि थंड झाल्यावरच सोडा. थर ओलसर असताना दुसरा थर वरून सोडला तर खालचा ओलावा वरच्याला लागतो आणि तासाभराने सगळं परत मूळपदावर येतं. हाताच्या मागच्या बाजूने बट चाचपून बघा, तळहातापेक्षा तिथे ओलं लवकर कळतं. गरम बट ओली आहे की कोरडी ते कळत नाही म्हणून थोडी गार झाल्यावर बघा.

कर्लर आणि स्ट्रेटनर

पहिला नियम, केस पूर्ण कोरडे. ओलसर बटेवर तापलेली प्लेट ठेवली की चर्र आवाज येतो, तो आवाज केसातल्या पाण्याची वाफ होण्याचा असतो आणि ती वाफ केसात आतल्या आत बुडबुडे करते, तिथून केस पुढे मोडतो. आवाज आला की थांबा, परत ड्रायर घ्या.

तापमानाचं असं की बारीक किंवा ब्लीच केलेल्या केसांना १२० ते १५०, मध्यम केसांना १५० ते १८०, जाड राठ केसांना १८० ते २०० डिग्री सेल्सिअस. मशीनवर २३० लिहिलंय म्हणून तिथपर्यंत न्यायची गरज नसते. कमीवर सुरू करा, एका बटेवर बघा, नाही जमलं तर दहा डिग्रीने वाढवा. आणि पाच वेळा भरभर फिरवण्यापेक्षा एकदाच सावकाश फिरवा. १८७२ च्या सुमाराला पॅरिसमध्ये मार्सेल ग्रातो नावाच्या केशरचनाकाराने गरम चिमट्याने केसांना लाटा पाडायची पद्धत काढली, त्या चिमट्यांना डिग्रीचं बटण नव्हतं, विस्तवावर तापवायचे आणि कागदावर टेकवून बघायचे, कागद करपला तर थांबायचं. आपल्याकडे तर बटण आहे, मग ते वापरायला काय हरकत आहे.

शिकायला २५ मिलिमीटरचा कर्लर चांगला, मध्यम लांबीला बरोबर बसतो. ३२ वर सैल लाटा येतात, १९ वर घट्ट कर्ल. बट कर्लरच्या नळीपेक्षा रुंद घ्यायची नाही, रुंद घेतली की आतल्या केसांना उष्णता पोचत नाही आणि बाहेरचे जास्त तापतात. बट विंचरून घ्या, कर्लर चेहऱ्यापासून लांब जाईल अशा दिशेने गुंडाळा, टोकाचे दोनेक सेंटिमीटर बाहेर ठेवलेत तर लूक मोकळा येतो आणि जुनी टोकं पण वाचतात. मनात आठ ते दहा मोजा.

आणि आता ती गोष्ट. कर्लर काढून घ्या पण कर्ल पडू देऊ नका. तळहातात झेला, गुंडाळलेला तसाच, डोक्याजवळ नेऊन क्लिपने टाचून टाका. पुढची बट घ्या. सगळं डोकं झालं की दहा-पंधरा मिनिटं हात लावायचा नाही, तोपर्यंत मेकअप करा, कपडे बदला, काहीही करा. हात लावून बघा, एकदम गार लागल्यावरच क्लिपा काढा, खालच्या आधी. मग बोटांनी हलकेच सोडवा, ब्रश नंतर लागला तर. माझ्या ज्या केसांना मी कर्ल धरत नाहीत म्हणायचे त्याच केसांवर असे टाचलेले कर्ल दुसऱ्या दिवशीपर्यंत राहिले.

हेअर स्प्रे मारणार असाल तर कर्लर बंद करून बाजूला ठेवल्यावर. बऱ्याच स्प्रेत अल्कोहोल असतं, ते पेट घेऊ शकतं, आणि ओल्या स्प्रेवर गरम प्लेट लावली तर केस तर करपतोच पण प्लेटवर थर पण बसतो. तो थर थंड मशीन असताना ओलसर फडक्याने पुसत जा, प्लग काढून अर्थात.

तीन पेडांची वेणी, पण नीट

सगळ्यांना वाटतं वेणी येते. माझ्या भाचीला पण वाटायचं. एक दिवस माझ्यासमोर डमीवर घालायला बसली तर पहिले चार वळसे घट्ट, मग हळूहळू सैल, आणि शेवटी वेणी डावीकडे वळून गेलेली. "मावशी, वेणी आपोआप तिकडे जाते गं," म्हणाली. वेणी आपोआप कुठे जात नाही. मी तिला परत घालायला लावली आणि फक्त हातांकडे बघत बसले. उजवा पेड मधल्यावरून नेताना ती बोटं बदलायची, आणि बदलताना अर्धा सेकंद तिन्ही पेड मोकळे सुटायचे. प्रत्येक वेळी तिथे थोडा ताण जात होता. शिवाय तिचा उजवा हात जास्त ओढत होता, म्हणून वेणी वळत होती.

तर असं करा. तीन सारखे पेड. डावा पेड डाव्या हाताच्या मुठीत, करंगळी आणि अनामिकेने दाबलेला. उजवा तसाच उजव्या मुठीत. मधला पेड अंगठा आणि तर्जनीत, ज्या हाताची पाळी असेल त्याच्या. उजवा पेड मधल्यावरून आला की तो मधला झाला, तो लगेच डाव्या अंगठ्याने क्रॉसच्या जागी दाबायचा, मगच उजव्या हाताने उरलेला पेड सावरायचा. मग डावा मधल्यावरून, आता उजवा अंगठा दाबतो. म्हणजे कुठल्याही क्षणी एक अंगठा क्रॉसवर बसलेला असतोच. एवढंच बदललं आणि तिसऱ्या दिवशी भाचीची वेणी खालपर्यंत एकसारखी आली. मागे उभं राहूनच घाला, बाजूला उभं राहिलात तर वेणी तुमच्याकडेच येणार. केस सुळसुळीत असतील तर पाण्याचा थोडा स्प्रे मारून घ्या, नुकत्याच धुतलेल्या केसांपेक्षा दुसऱ्या दिवशीचे केस वेणीला जास्त चांगले, पकड येते.

हे जमलं की सागरवेणी म्हणजे यात फक्त भर घालणं. कपाळाजवळ छोटा त्रिकोणी भाग घेऊन तीन पेड करा, एक-दोन क्रॉस साधे घ्या आणि मग प्रत्येक वेळी बाजूचा पेड मधल्यावर नेण्याआधी त्यात टाळूवरची एक बारीक बट मिसळा. दोन्ही बाजूंच्या बटा सारख्या जाडीच्या पाहिजेत, टेल कोंबच्या शेपटीने उचला म्हणजे कडा स्वच्छ येते. बोटांची पेरं टाळूला टेकलेली ठेवा, हात वर उचलला की तिथे केस फुगून येतात. आणि मानेपाशी आल्यावर डोकं खाली वाकवायचं नाही, वाकवून घातलेली वेणी मान सरळ केली की तिथे सैल पडते. पेड मधल्याच्या वरून न नेता खालून नेले की वेणी उठून दिसते, तीच डच वेणी.

स्वतःच्या डोक्यावर शिकताना आरसा बघू नका. आरशात डावं-उजवं उलटं दिसतं आणि हात गोंधळतात. डोळे मिटून बोटांवर भरवसा ठेवा, आरसा शेवटी तपासायला.

पोनी आणि अंबाडा

उंच पोनी कुठे बांधायची ते शोधायला हनुवटीपासून कानावरून वर जाणारी तिरकी रेघ मनात धरा, ती डोक्याच्या मागे जिथे पोचते ती जागा. डोकं किंचित मागे टाकून केस वर ओढा म्हणजे मानेजवळ झोळ येत नाही. पण रोज घट्ट पोनी किंवा घट्ट वेणी नको, सतत एकाच जागी ओढ बसली की कपाळाच्या आणि कानशिलाच्या कडेने केस विरळ होत जातात, आणि हे बरीच वर्षं चालू राहिलं तर ते परत येत नाहीत. बांधल्यावर डोकं दुखतंय किंवा भुवया वर ओढल्यासारख्या वाटतायत तर सोडा आणि परत बांधा. जागा पण बदलत राहा.

अंबाड्याला पोनी बांधून पिळ द्यायचा, पिळ पोनीच्या बुंध्याभोवती गुंडाळायचा आणि टोक खाली खोचायचं. पिळ ज्या दिशेने दिला त्याच दिशेने गुंडाळा, उलट्या दिशेने गुंडाळलात तर तो उकलत जातो.

मग पिना, आणि पिना हाच खरा विषय आहे कारण इथेच सगळं सुटतं. काळ्या पिनेची नागमोडी बाजू टाळूकडे ठेवायची, सपाट बाजू वर. नागमोडी बाजू केसांना पकड देते. पिन आधी अंबाड्याच्या कडेची थोडी बट पकडून बाहेरच्या बाजूला तोंड करून घाला, मग टाळूवरचे थोडे केस घेऊन तिथल्या तिथे उलटी फिरवा आणि अंबाड्याच्या आत ढकला. तिढा बसल्यासारखं जाणवलं पाहिजे. एक पिन नीट बसली तर पाच पिनांचं काम करते. जिथे जास्त वजन आहे तिथे दोन पिना एकमेकींवर फुलीसारख्या. पिन दाताने उघडू नका, टोकाचा प्लास्टिकचा थेंब निघतो आणि मग ती टाळू ओरबाडते. यू पिन धरून ठेवायला नसते, आकार सावरायला असते, ती आधी काळ्या पिना लावून झाल्यावर.

बॅककोंबिंग, म्हणजे केस फुगवायला टोकाकडून मुळाकडे उलटं विंचरणं, मी पहिले काही महिने करूच नका असं सांगेन, आणि केलंच तर झोपायच्या आधी कंडिशनर लावून टोकाकडून सोडवा, कोरडं ओढू नका.

किती आणि कसा सराव

रोज वीस मिनिटं पुरतात पण एकाच गोष्टीवर. आठवडाभर सेक्शन, मग दोन आठवडे ब्लो ड्राय, मग वेणी, मग पिनिंग, गरम मशीन सगळ्यात शेवटी आणि तेही आधी बंद, गार मशीन हातात धरून. बंद कर्लरवर बट गुंडाळायची, सोडायची, झेलायची, शंभरदा. हाताला वळण लागलं की चालू करा. प्रत्येक वेळी मागून एक फोटो काढा, समोरून नको, समोरचं आपण आपोआप सावरतो, चुका मागे दिसतात. तीन-चार तासांनी परत एक फोटो काढा, त्यात कुठे सुटलं ते कळतं, आणि जिथे सुटलं तिथे एकतर पिन चुकली असते, नाहीतर केस ओला किंवा गरम असताना सोडलेला असतो.

दुसऱ्याच्या डोक्यावर करत असाल तर गरम मशीन आणि टाळू यांच्यामध्ये कंगवा धरा, कानाची पाळी हाताने झाका, आणि मधे मधे विचारत राहा, दुखतंय का, गरम लागतंय का. बरेच लोक लाजेने सांगत नाहीत.

आणि पिना लावताना मोजा. मी चौदा लावल्या असतील तर तेवढ्याच निघेपर्यंत कंगवा हातात घेत नाही, कारण आत राहिलेल्या एका पिनेत कंगवा अडकला की सगळ्यात जास्त केस तिथे तुटतात.